सुवर्णकाराचे टाके आणि पुतळ्यांची माळ

जुन्नर परिसरातील कोरीव लेण्यांमधील एका ब्राह्मी लेखात, कल्याणच्या कुडिराचा पुत्र सुवर्णकार संघक याने ‘पोढी’, म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. नाणेघाटाने कोकणातील बंदरांशी जोडलेल्या जुन्नर नगरीत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सोन्याचा कारागीर दानकर्ता म्हणून नावानिशी उभा राहतो, ही गोष्ट राजवंशांच्या याद्यांहून अधिक मोलाची मानावी लागेल. त्या काळच्या सागरी व्यापारातून रोमन नाणी दख्खनमध्ये पोहोचली, आणि त्यांच्या धर्तीवर केलेली, दोऱ्यात ओवण्याजोगी भाजक्या मातीची पदके तेर येथील उत्खननात मिळाली आहेत. नाणे अंगावर मिरवण्याची हीच आवड पुढे पुतळ्यांच्या माळेत, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या गोल चकत्या ओवलेल्या दागिन्यात, दिसते. या चकत्यांवरील आकृतींचे मूळ व्हेनिसच्या डुकाट नाण्यात आहे. दागिन्यांना अर्थ जोडण्याची रीत याच परिसरात आजही दिसते: मंचर-घोडेगावपासून जुन्नरपर्यंतच्या लग्नघरांत मंगळसूत्राच्या दोन वाट्या माहेर व सासर यांची खूण समजल्या जातात. सोने लक्ष्मीरूप मानले जात असल्याने कमरेखाली घालत नाहीत, म्हणून पैंजण आणि जोडवी चांदीची असतात.