नायट्रोपेक्षा झाकण महत्त्वाचं

रेडिओवर उडणारं छोटं विमान चढाला लागतं, इंजिनाचा आवाज चिरका होतो आणि पंखा थांबतो. मैदानावर पहिला संशय इंधनावर जातो आणि पुढच्या खेपेला जास्त नायट्रोमिथेन (नायट्रो) असलेल्या इंधनाचा डबा येतो. संशय अनेकदा रास्त असतो. उपाय मात्र चुकतो. अशा विमानाच्या ग्लो इंजिनात ठिणगी नसते. सुरुवातीला दीड व्होल्टची बॅटरी प्लगची तार तापवते. बॅटरी काढल्यावर आधीच्या स्फोटाची उष्णता आणि इंधनातल्या मिथेनॉलच्या वाफेची प्लॅटिनमशी होणारी क्रिया तारेला लाल ठेवतात. १९४७च्या सुमारास रे आर्डन यांनी हा प्लग बाजारात आणला. विमानावरचं कॉइल-बॅटरीचं ओझं उतरलं, पण पेटवण्याची निम्मी जबाबदारी इंधनाच्या गळ्यात पडली. जळणं, पेटतं ठेवणं, थंड करणं आणि वंगण देणं ही चारही कामं एकाच द्रवाची. म्हणून इंधन बिघडलं की दुखणं चार ठिकाणी दिसतं.

वंगणासाठी त्यात साधारण २० टक्के तेल असतं, बहुधा एरंडेल किंवा सिंथेटिक. ते बहुतांशी न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडतं, पंख चिकट करतं आणि मैदानभर एरंडेलाचा वास पसरवतं. हा चिकटा टाळायला तेल कमी करण्याचा मोह होतो. पण इंजिन जगतं ते त्याच २० टक्क्यांवर. सिंथेटिक तेल स्वच्छ असतं, हे खरं. एरंडेल पिस्टनवर तपकिरी थर चढवतं, हेही खरं. तरी मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त झाली, इंजिन भलतंच तापलं, की एरंडेलाचा थर अधिक तग धरतो. म्हणून दोन्हींचं मिश्रण शहाणपणाचं.

नायट्रोने ताकद वाढते आणि मंद गती स्थिर राहते, हा आक्षेप खोटा नाही. पण कंट्रोल लाइन स्पीडच्या, म्हणजे तारेला बांधून गोल उडवल्या जाणाऱ्या वेगवान विमानांच्या, आंतरराष्ट्रीय एफ२ए गटात ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल एवढ्यावरच अडीच सीसीची इंजिनं ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातात. ती त्याच इंधनासाठी घडवलेली असतात आणि त्यांना मंद गतीची गरज नसते, हे मान्य. हौशी इंजिनाला ५ ते १० टक्के नायट्रो उपयोगी पडतो. पण मिथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं आणि नायट्रो ते पाणी काढत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात सैल झाकणाचा अर्धा डबा ठेवला, तर इंधनाचं प्रमाण राखणारी नीडल एका जागी ठरत नाही आणि बॅटरी काढताच इंजिन मरतं.

अर्थात, प्रत्येक दोष डब्यातला नसतो. इंधनाच्या नळीला सुईएवढं भोक असलं तर हवेचे बुडबुडे येतात. नाक वर होताच टाकीतलं इंधन कार्बुरेटरच्या खाली जातं आणि पुरवठा घटतो. जमिनीवर नेमकं लावलेलं इंजिन हवेत तापतं ते यामुळे. म्हणून पूर्ण वेगात विमानाचं नाक वर धरून पाहावं आणि नीडल किंचित सैल ठेवावी. आधी प्लग बदला, मग नळी तपासा, मग ताजं इंधन भरा. एवढं करूनही इंजिन ऐकत नसेल, तरच नायट्रोचा विचार करा. आणि डब्याचं झाकण घट्ट लावा. त्याला पैसे पडत नाहीत.