फुरशावरचा उतारा

मंडणगडच्या कातळावर जांभ्याचा दगड उचलताना फुरसे डसले, तर वाचवते ती जैवतंत्रज्ञानाची जुनीच विद्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अगदी थोड्या मात्रेने घोड्यांना टोचतात. त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढून, शुद्ध करून, गोठवून सुकवतात. हाच तो उतारा; ही भुकटी फ्रिजविना टिकते. आडगावच्या दवाखान्याला याहून मोठा आधार नाही. परळची १८९९ची हाफकिन संस्था या कामात जुनी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही १९६६मध्ये घोड्यांच्या रक्तद्रवापासूनच सुरुवात केली. आज तिच्या लसी जगभर जातात. फ्रान्सच्या सनोफीने आफ्रिकेसाठीचे सर्पदंशावरचे औषध २०१४मध्ये थांबवले; परदेशी कंपन्यांवर विसंबता येत नाही, म्हणून हा उद्योग आपल्याकडे वाढायलाच हवा. कोकणातल्या हिरवा चापडा या विषारी सापावर अजूनही वेगळा उतारा बाजारात नाही.