आपलें संकेतस्थळ गिऱ्हाइकास सांपडावें कसें ?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या भागांतील रोपवाटिकावाले, कृषि सेवा केंद्रांचे चालक व शेतकरी उत्पादक कंपन्या यांपैकीं कित्येकांनीं पदरचे पैसे खर्चून स्वतःचें संकेतस्थळ करून घेतलें आहे. परंतु त्यावरून गिऱ्हाईक येत नाहीं, आणि गूगलवर शोधलें असतां भलत्याचेंच नांव वर येतें, अशी तक्रार आमच्या कानांवर वारंवार येते. ही अडचण ओळखून 'तुमचें नांव पहिल्या क्रमांकावर आणून देतों' असें दूरध्वनीवरून सांगणारे व आगाऊ रक्कम मागणारे दलालहि निघाले आहेत. कापसाच्या एका वेचणीचा पैसा असा हातचा जावा हें आम्हांस बरें वाटत नाहीं. म्हणून या विषयाची हकीकत येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

गूगल ही संस्था १९९८ सालीं अमेरिकेंत लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं काढली. तिचें यंत्र एका पृष्ठावरील दुव्यावरून दुसऱ्या पृष्ठावर असें अखंड फिरत असतें. वाचलेला मजकूर आपल्या सूचींत नोंदवितें. आणि कोणीं कांहीं विचारलें म्हणजे त्या सूचींतून योग्य वाटतील तीं पृष्ठें क्रमानें मांडतें. सांपडणें, नोंद होणें व क्रम लागणें अशा या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दोन झाल्या नसतां तिसरीची चिंता करणें म्हणजे पेरणीआधीं खळें सारविणें होय. नोंद झाली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गूगलच्या 'सर्च कन्सोल' नांवाच्या विनामूल्य सोयींत आपलें स्थळ दाखल करावें. पुष्कळदां असें आढळतें कीं, स्थळ बांधीत असतां कारागिरानें 'नोंद करूं नये' अशी आज्ञा आंत घातलेली असते व काम संपल्यावर ती काढावयाची राहून जाते.

मराठी स्थळांस आणखी एक रोग आहे. छापखान्यांतील जुन्या संगणकीय टंकांत जुळविलेला मजकूर डोळ्यांस देवनागरी दिसला तरी यंत्रास तीं निरर्थक चिन्हें वाटतात. मजकूर युनिकोडमध्येंच असला पाहिजे. तसेंच सगळें जाहिरातपत्रक चित्र म्हणून चिकटविण्याची चाल आहे, तीहि सोडावी. चित्रांतील अक्षरांवर यंत्रानें भरंवसा ठेवावा असें नाहीं. दर, वाण, पत्ता हें सर्व साध्या अक्षरांत लिहावें.

आतां आमच्या गांवाचीच गोष्ट घ्या. रोमन लिपींत गेवराई कोणी 'जी-ई-ओ-आर-ए-आय' असें लिहितो, कोणी 'जी-ई-व्ही-आर-ए-आय' असें लिहितो. सरकारी कागदांत बहुधा पहिलें, लोकांच्या बोटांत दुसरें. शिवाय छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतहि गेवराई नांवाचीं गांवें आहेत. तेव्हां पृष्ठावर देवनागरी नांव, दोन्हीं रोमन रूपें व 'जिल्हा बीड' हें सर्व एकदां तरी सहज वाक्यांत आलें पाहिजे. तेंच नांव पन्नास वेळां कोंबण्यांत मात्र अर्थ नाहीं. असली भरताड गूगल फसवणूक समजतें. पृष्ठाच्या पोटांत गुप्तपणें शब्दांची यादी घालण्याची जुनी युक्तिहि व्यर्थ आहे. त्या यादीकडे आपण पाहत नाहीं असें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलें आहे.

मुख्य प्रश्न लिहावयाचें काय हा होय. समजा, पैठणच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर बाग करणाऱ्या एका बागायतदारानें मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका काढली. त्याच्या पहिल्या पृष्ठावर बहुधा 'आपलें हार्दिक स्वागत असो' एवढेंच शीर्षक असतें. असें शीर्षक कोणता शेतकरी शोधावयास जाणार ? त्याऐवजीं 'न्यूसेलर मोसंबीचीं कलमें, गेवराई, जि. बीड' असें लिहिलें तर यंत्रास व माणसास दोघांसहि उलगडा होतो. पुढें गिऱ्हाईक दुकानांत येऊन जे प्रश्न विचारतें तेच उतरून काढावे. कलम कोणत्या खुंटावर बांधलें आहे, रंगपूर लिंबाच्या कीं जंबेरीच्या ? वय किती ? वीस फुटांवर लावल्यास एकरीं किती लागतील ? (सुमारें ११०.) परवान्याचा क्रमांक काय ? प्रत्येक वाणास वेगळें पृष्ठ द्यावें. अशा माहितीचें पृष्ठ दुसरे लोक आपण होऊन दाखवितात, आणि दुसऱ्या स्थळांनीं दिलेले दुवे ही गूगलच्या मतें मोठी शिफारस आहे. विकत घेतलेले दुवे मात्र उघडकीस आल्यास क्रम खालीं जातो.

जवळपासच्या गिऱ्हाइकासाठीं नकाशावरील नोंद संकेतस्थळाहूनहि अधिक उपयोगी पडते, असें आमचें मत आहे. 'गूगल बिझनेस प्रोफाइल' या नांवानें ती फुकट करतां येते. विषयाशीं मेळ, अंतर व प्रसिद्धि या तीन गोष्टींवर तेथील क्रम मुख्यतः ठरतो. दुकानाचें नांव, पत्ता व दूरध्वनि पाटीवर, पावतीवर व नोंदींत एकच असावा. उघडण्याच्या वेळा खऱ्या असाव्या. गिऱ्हाइकास अभिप्राय लिहा म्हणून विनंती करण्यास हरकत नाहीं, पण त्याबद्दल सूट वा बक्षीस देणें नियमाविरुद्ध आहे.

मोबाइलवर पृष्ठ नीट उघडतें कीं नाहीं हें शेतांत उभें राहून पाहावें. आपला गिऱ्हाईक तेथूनच पाहतो, आणि गूगलहि आतां मोबाइलवरील रूपच प्रमाण धरतें.

राहिला दलालांचा प्रश्न. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं, असें गूगलच्या सूचनांतच म्हटलें आहे. पैसे भरून वर येतें ती जाहिरात होय. तिच्यावर तशी खूण असते, आणि पैसे थांबले कीं ती जाते. कारागीर नेमणें गैर नाहीं. परंतु काय बदल करणार तें त्यानें लिहून द्यावें, आणि संकेतस्थळाच्या पत्त्याची नोंदणी व परवलीचे शब्द मालकाच्याच नांवें असावे. नाहीं तर भांडण झाल्या दिवशीं दुकान आपलें व किल्ली दुसऱ्याची अशी गत होते.

केलेल्या सुधारणांचें फळ दिसावयास कांहीं आठवडे, कधीं कांहीं महिने लागतात. आषाढांत कलमें विकावयाचीं असतील त्यांनीं आपलें पृष्ठ फाल्गुनांतच पुरें करून ठेवावें.