संगणकाचा पहारेकरी

मुंबईत कांदिवलीच्या पश्चिमेला चारकोप आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या मदतीने एक मोठी घरयोजना सुरू झाली. तिच्यात येथे लहान लहान भूखंड पाडून दिले गेले. लोकांनी सोसायट्या केल्या, घरे बांधली. सोसायटी आली की हिशेबाची वही आली. आता ती वही पुष्कळ ठिकाणी संगणकात गेली आहे.

समजा, सोसायटीच्या कचेरीत दोन संगणक आहेत. एकावर सेक्रेटरी पावत्या करतात, दुसऱ्यावर खजिनदार हिशेब मांडतात. दोन्ही एकमेकांना जोडलेले. या जोडणीला नेटवर्क म्हणतात. तरी सेक्रेटरींच्या पावत्या खजिनदारांना दिसत नाहीत. असे का?

पुष्कळदा फायरवॉल आड येते. फायरवॉल म्हणजे संगणकाच्या दारावरचा पहारेकरी. संगणकाला दार एक नसते, हजारो असतात. प्रत्येकाला नंबर असतो. विंडोजच्या संगणकात फाइली देण्याघेण्याच्या दाराचा नंबर ४४५. ते पहारेकऱ्याने बंद ठेवलेले असते.

मग घाईचा माणूस काय करतो? सगळी फायरवॉलच बंद करतो. फाइल उघडते, पण पहाराही उठतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची कीड याच ४४५ च्या दाराने जगभर शिरली. तिने लोकांच्या फाइलींना कुलूप घातले आणि पैसे मागितले. संगणकातली ती खोट बुजवायची दुरुस्ती मार्चमध्येच फुकट मिळत होती! पुष्कळांनी ती घेतलीच नव्हती. पुढे २७ जूनला तशाच दुसऱ्या हल्ल्यात न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे काम अडले. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, तर आपल्या कचेरीची काय कथा?

म्हणून पहारेकरी ठेवायचा, आणि त्याला फक्त एक माणूस ओळखवून द्यायचा. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचे दोन प्रकार दिसतात. ‘प्रायव्हेट’ म्हणजे घरचे, ‘पब्लिक’ म्हणजे चव्हाट्यावरचे. कचेरीचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. मग फायरवॉलच्या पानावर, परवानगी दिलेल्यांच्या यादीत ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही ओळ शोधा. तिच्यापुढे ‘प्रायव्हेट’खाली खूण करा. ‘पब्लिक’खाली करू नका.

एवढ्याने सगळे कपाट उघडायचे नाही. पावत्यांचा एकच फोल्डर शेअर करा. तेथे ‘एव्हरीवन’, म्हणजे आल्यागेल्या सर्वांना, असे असेल तर काढा आणि खजिनदारांचे नाव घाला. त्यांना नुसते पाहायचे असेल तर ‘रीड’ पुरे. पासवर्ड हवाच.

आणखी एक. कचेरीच्या वायफायचा पासवर्ड साऱ्या इमारतीला तोंडपाठ असेल, तर त्या नेटवर्कला घरचे कसे म्हणायचे? आधी तो बदला, मगच खूण करा.