रंगाऱ्याच्या लेकीची पत्रे

माझ्या आईला लिहिता येत नसे. शाळकरी वयात तिची पत्रे मीच लिहून देई. ती सांगे, "दादाला लिही, ये की एकदा, वाटेकडे डोळे लागलेत." मी ऐटीत लिही, "आपल्या आगमनाची प्रतीक्षा आहे." मराठीत पहिला नंबर होता ना माझा!

पुढे सिएनाच्या संत कॅथरीनचे चरित्र वाचले आणि त्या ऐटीची मला लाज वाटली.

इटलीतील सिएना शहरात १३४७ साली एका रंगाऱ्याच्या घरी कॅथरीन जन्मली. आईबापांचे हे पंचविसाच्या घरातले अपत्य! लग्नाची बोलणी सुरू होताच पोरीने आपले केस कापून टाकले. मठातही ती गेली नाही. डॉमिनिकन पंथाची वस्त्रे घेऊन ती घरीच राहिली आणि रोग्यांची शुश्रूषा करू लागली. शिरच्छेदाची शिक्षा झालेल्या एका तरुणाला तिने अखेरपर्यंत धीर दिला. त्याचे शिर तिने स्वतःच्या हातांत झेलले.

शाळा तिला ठाऊकच नव्हती. ती बोले आणि शिष्य उतरून घेत. अशी सुमारे ३८० पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत राजेराण्यांना लिहिलेली आहेत, तशीच तुरुंगातील कैद्यांनाही. विद्वानांची भाषा लॅटिन. हिची पत्रे मात्र घरच्या बोलीत.

पोप तेव्हा रोम सोडून आव्हिन्यों येथे राहत. 'रोमला परत चला,' असे तिने अकराव्या ग्रेगरीला निक्षून कळविले. आणि एवढ्या मोठ्या धर्मगुरूला हाक कोणती? 'बाब्बो'! तिकडची मुले बापाला म्हणतात तो शब्द. १३७६ साली ती स्वतःच तेथे जाऊन थडकली. १३७७ च्या जानेवारीत पोप रोमला परतले. त्याला राजकारणाचीही कारणे होती. पण तिचा शब्द वाया गेला नाही.

यश मात्र टिकले नाही. १३७८ साली दोन पोप उभे राहिले, चर्च दुभंगले. त्याच दुःखात १३८० साली, तेहतिसाव्या वर्षी, तिने रोममध्ये देह ठेवला. १४६१ मध्ये तिला संतपद मिळाले. १९७० मध्ये चर्चने तिला आचार्यपद दिले. हा मान मिळालेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी ती एक.

मला राहून राहून तिच्या लेखनिकांचे कौतुक वाटते. 'बाब्बो' हा शब्द त्यांनी तसाच राहू दिला.

आई गेल्यावर मामांच्या ट्रंकेत तिची पत्रे सापडली. सगळी शुद्ध, वळणदार. पण आई त्यांत कुठेच नव्हती. एका कार्डाच्या कडेला तेवढे, जागा संपल्यामुळे असेल, घाईत लिहिले होते: "ये की एकदा."

ते एकच कार्ड मी जपून ठेवले आहे.