खाडा का पडतो?



वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले आपल्या मंडळीतले एक बंधू उपासनेनंतर मला म्हणाले, "ताई, तुमची भिल्ल मुलं कामाला चांगली, पण न सांगता गायब होतात." मला राग आला. पण त्यांचं खोटं नव्हतं.

कन्नड तालुक्यातला आपला एक मुलगा रांजणगावात खोली करून ठेकेदाराकडे कामाला होता. जूनमध्ये आईला ताप आला म्हणून गावी गेला. तेवढ्यात पाऊस पडला आणि पेरणी आली. सहा दिवसांनी परतला, तर जागेवर दुसरा माणूस! फोन का केला नाहीस, विचारलं. म्हणाला, "रजा मागितली तर नाहीच म्हणतात."

आजारपण, पेरणी, होळी, टँकरची पाळी, चुकलेली एसटी ही कारणं असतातच. दारूही असते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण एका दिवसाचे सहा दिवस होतात ते भीतीने. शिवाय बऱ्याच ठिकाणी महिनाभर एकही खाडा नसेल तरच हजेरी बोनस मिळतो. पहिल्याच खाड्याला बोनस गेला, की दुसऱ्या दिवशी घाईने परतण्याचं एक कारण संपतं.

त्या मुलाच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जात होती, शंभर रुपयांमागे पाऊण रुपया. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना हा विमा आहे. ठेकेदाराचे कामगारही त्यात येतात. स्वतः आजारी पडल्यास विमा डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. त्यासाठी ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवर विमा दवाखान्यात उपचार झाले असते. पण तिचं नावच नोंदवलेलं नव्हतं. कार्ड पेटीत पडून होतं. ठेकेदाराने सांगितलं नाही; खरं तर आम्हीही कधी विचारलं नाही.

आता दर शनिवारी संध्याकाळी आम्ही रांजणगावात कुटुंबाची नावं नोंदवायला बसतो. त्या सुपरवायझर बंधूंनी आपला नंबर मुलांना दिला आहे. खाडा पडणार असेल तर निघण्याआधी मिस्ड कॉल द्यायचा, एवढंच ठरलंय. मोबाइलवर फॉर्म भरता येणारे दोन तरुण मंडळीतून मिळाले तर चिकलठाण्यातही सुरू करता येईल.