गरवायचं, पण कालवणासाठी नाही

शनिवारी रात्री, म्हणजे तिच्या रविवारी सकाळी, आईचा फोन येतो. "गावलो काय रे मासो?"

"गावलो. सोडून दिलंय."

"मगे गेलंस कित्याक?"

डॅलसहून पहाटे दीड तास गाडी हाकून मी लेक फोर्कला जातो ते कशासाठी, हे तिला अजून पटवता आलेलं नाही. आमच्याकडे खाडीत गरवायचं म्हणजे लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली नायलॉनची दोरी, एक गरी, वजनाला शिसं किंवा सायकलचा नट, आमिषाला कोळंबी. शेंगटी मिळो की तांबोशी, संध्याकाळी कालवण ठरलेलं. इथे माझ्या पेटीत दीडेकशे आमिषं आहेत आणि त्यातलं एकही खरं नाही. मासा भांड्यात जायचा थांबला आणि पेटी फुगत गेली. अमेरिकेतल्या बास-मासेमारीचा इतिहास मला तरी असाच दिसतो.

आधी माशाची ओळख. लार्जमाउथ बास हिरवट अंगाचा, कुशीवर काळसर पट्टा असलेला, जबडा डोळ्याच्याही मागे फाटलेला असा असतो. नाव बास, पण कूळ सनफिशचं. आपला जिताडा, गोव्याचं चोणक, त्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात. दोघांचं नातं काही नाही. स्वभाव मात्र सारखा. आडोशाला दबा धरून बसायचं आणि जवळ आलेलं एका घोटात आत ओढायचं.

2 जून 1932 रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेक नावाच्या डोहात जॉर्ज पेरीने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोचा बास पकडला. मंदीचे दिवस. दोघा मित्रांत मिळून एक काठी आणि एक लाकडी आमिष. गावच्या दुकानात वजन झालं, एका मासिकाच्या स्पर्धेत पंचाहत्तर डॉलरचं सामान मिळालं, आणि मासा? घरच्यांनी खाल्ला. जागतिक विक्रम तळून संपला. माझ्या आईला हा सगळा इतिहास सांगितला, तर त्यात शहाणा एकटा पेरीच ठरेल.

साहित्याची गोष्ट मात्र त्याच्याही आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने असं रीळ बनवलं, की मूठ एकदा फिरवली तर फिरकी अनेकदा फिरे. आजचं बेटकास्टिंग रीळ त्याच घराण्यातलं. तल्सा शहरात तेलाच्या विहिरी फोडायचे बॉम्ब बनवणारी झीरो अवर बॉम्ब कंपनी होती. तिने 1949 मध्ये बंद टोपणाचं सोपं रीळ काढलं आणि पुढे स्वतःचं नावच आखडून झेबको केलं. पोरासोरांनाही गळ फेकता येऊ लागला तो तेव्हापासून. त्याच सुमारास ओहायोतल्या अॅक्रन गावात निक क्रीमने मऊ प्लास्टिकचं गांडूळ ओतलं. माझ्या मते, बाकी सगळी लाकडी, पत्र्याची, पिसांची आमिषं एका पारड्यात टाकली तरी हे गांडूळ जड भरेल.

ते लावायची टेक्सास रीत अशी. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन आधी दोरीत ओवायचं, मग वाकड्या मानेचा गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून अर्धा सेंटिमीटर आत घालून खालून काढायचं, गळ उलटा फिरवायचा आणि टोक पुन्हा त्याच्याच अंगात लपवायचं. गांडूळ सरळ बसलं पाहिजे. तिरकं बसलं तर पाण्यात गरगरतं आणि दोरीला पीळ पडतो. टोक लपलेलं असल्यामुळे ते फांद्यांत अडकत नाही. लेक फोर्कमध्ये याला पर्याय नाही, कारण 1980 साली धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली तेव्हा तळातली झाडी बरीचशी तशीच राहू दिली होती. वाळकी खोडं आजही पाण्यातून वर आलेली दिसतात. बास त्यांच्या बुडाशी असतो.

गांडूळ तळाला जाऊ द्यायचं. काठीचं टोक थोडं उचलायचं, पुन्हा सोडायचं. बोटाला दोनदा बारीक टिचकी लागते. मग दोरी आवाज न करता एका बाजूला सरकू लागते. सैल दोरी गुंडाळून मनगटाने जोरात हिसका द्यायचा तो इथेच. पहिली दोन वर्षं मी टिचकीलाच हिसका देत होतो आणि माशाच्या तोंडातून गांडूळ काढून घेत होतो.

रिळानेही कमी छळलं नाही. आमिष पाण्यावर आपटून थांबतं, फिरकी मात्र फिरतच राहते आणि दोरीचा गुंता होतो; इथले लोक त्याला पाखराचं घरटं म्हणतात. चुंबकी ब्रेक असले तरी शेवटी अंगठाच फिरकीवर ठेवावा लागतो. एका मार्चमध्ये, बास विणीला उथळ पाण्यात आलेले असताना, मी पाऊण तास घरटं सोडवत बसलो होतो. शेजारच्या होडीतले आजोबा बघत होते. शेवटी त्यांनी न बोलता कात्री पुढे केली.

मासा सोडायची रीत रे स्कॉटमुळे रुजली. अलाबामाचा हा विमा एजंट 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवतो, पुढच्या वर्षी बासवाल्यांची संघटना काढतो, आणि 1972 पासून स्पर्धेतले मासे जिवंत परत सोडायला लावतो. होडीत हवा खेळवलेली टाकी आली ती त्यातूनच. आता होडीपुढचे मासे पडद्यावर हलताना दाखवणारं सोनारही आलं आहे. मी एकदा वापरून पाहिलं. व्हिडिओ गेम खेळल्यासारखं वाटलं, परत केलं.

लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवणं गुन्हा आहे. 1986 मध्ये इथेच मिळालेली साडेसतरा पौंडांहून मोठी मादी पैदाशीसाठी सरकारकडे दिली गेली. तिचं नाव एथेल. पुढे ती मिसुरीतल्या एका दुकानाच्या काचटाकीत राहिली आणि 1994 मध्ये मेली, तेव्हा तिची शोकसभा झाली.

जपानात नेमकं उलटं. 2 जुलै 2009 रोजी मानाबू कुरिताने बिवा सरोवरात पेरीहून जेमतेम एक औंस जड बास पकडला. जुना विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघं बरोबरीत. पण तिथे बास हा उपरा, स्थानिक मासे फस्त करणारा. बिवात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे; तो टाकायला काठावर पेट्या ठेवल्या आहेत. एकच मासा लेक फोर्कवर ठेवला तर दंड, बिवात सोडला तर नियमभंग.

गेल्या शनिवारी एकोणीस इंची मिळाला. खालच्या जबड्यात अंगठा घातला, दुसरा हात पोटाखाली धरला. नुसता जबड्याला लटकवला तर त्याचा सांधा दुखावतो. दात कानशीसारखे बारीक, अंगठ्याची साल खरवडून निघाली. पाण्यात धरला, कल्ले दोनदा हलले आणि हात मोकळा झाला.

परतताना देशी दुकानात थांबलो आणि फ्रीजरमधून बारामुंडीची दोन पाकिटं घेतली. म्हणजे जिताडाच. तिरफळं घरात होती. रात्री फोन आला तेव्हा कालवण उकळत होतं.

"गावलो?"

"गावलो," मी म्हटलं, आणि कुठे ते सांगितलं नाही.